मायना आणि मजकूर

शाळेत पत्रलेखनाचा प्रश्न आला की आम्हां मुलींचा सारा भर मायन्यावर असे. आतील मजकूर कसाही उतरो, ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढे बिनचूक लिहिले की थोडेफार गुण पदरात पडत. पुढे मोबाइल हाती आला, पत्रे लिहिणे थांबले आणि मायना हा शब्द आता व्याकरणाच्या पुस्तकापुरता उरला, अशी माझी समजूत झाली. ती चुकीची होती. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपल्या नकळत दोन्ही बाजूंनी मायन्यांची देवघेव चाललेली असते, आणि त्यातला एक शब्द चुकला तर खालचा सगळा मजकूर मातीमोल होतो. हे मला एका निवृत्त प्राध्यापकांच्या फोनमुळे कळले. तीच हकिगत येथे सांगावयाची आहे.

झाले ते असे. ग्रंथालयाने आपल्या वार्षिकाचे जुने अंक संकेतस्थळावर ठेवावयाचे ठरविले. मी तृतीय वर्ष कला वर्गाची, मराठी विषयाची विद्यार्थिनी. परंतु मराठी टंकलेखन बरे येते एवढ्या भांडवलावर माझी त्या कामी वर्णी लागली. दिवाळीच्या सुट्टीत १९७८ चा अंक पुरा केला. माझ्या संगणकावर पाने मोठी सुबक दिसत होती. ती सर्व्हरवर चढविली आणि ज्यांचा लेख त्या अंकात होता त्या सरांना अभिमानाने कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन आला. “अगं, माझा लेख तू कुठल्या भाषेत छापलास? इथं नुसते रोमन ए दिसताहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर तिरपी रेघ, शेजारी कसलंसं गोल चिन्ह, आणि मधूनमधून जपानी येन. मी बालकवींवर लिहिलं होतं, परकीय चलनावर नव्हे!”

सर हसत होते, पण मला हसू येईना. महिनाभराचे श्रम आणि त्यांचे पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचे लेखन, दोन्ही एका फटक्यात भ्रष्ट झाले होते. फाइल उघडून पाहिली तर तीत काही बिघडलेले नव्हते. अक्षर न् अक्षर जागेवर होते. मग बिघडले कोठे? मायन्यात.

आता हा मायना म्हणजे काय ते पाहू. आपण ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो तेव्हा ब्राउझर सर्व्हरला एक पत्र धाडतो. त्याच्या पहिल्या ओळीत मागणी असते: अमुक पान द्यावे. त्याखाली एकेका ओळीत एकेक बाब लिहिलेली असते. आधी बाबीचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग तिचे मूल्य. या ओळींना हेडर म्हणतात. हेडर संपले की एक ओळ कोरी सोडावयाची. मजकूर असला तर तो तिच्याखाली. सर्व्हरचे उत्तरही याच घाटाचे. फरक इतकाच की त्याच्या पहिल्या ओळीत मागणीऐवजी निकालाचा आकडा असतो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लागलेले हळदकुंकू पाहून आत काय आहे ते पाकीट न फोडताही समजते, तसाच हा आकडा: २०० म्हणजे सर्व कुशल, ३०१ म्हणजे बिऱ्हाड कायमचे हलले, ४०४ म्हणजे असे कोणी येथे राहत नाही, ५०० म्हणजे घरातच काही गोंधळ आहे. आकड्याखाली हेडर, मग कोरी ओळ, आणि तिच्याखाली आपण वाचतो ते पान.

आरंभी हे काहीच नव्हते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ च्या सुमारास त्यांनी जो पत्रव्यवहार बसविला तो तारेसारखा त्रोटक होता: एका ओळीची मागणी, आणि उत्तरादाखल सरळ पान. ना आकडा, ना हेडर. पान नेहमी एकाच प्रकारचे असावयाचे, तोवर हे चालले. पण चित्रे आली, ध्वनी आला, नाना लिप्या आल्या, तेव्हा पाकिटात काय आहे ते बाहेर लिहिणे भाग पडले. ईमेलमध्ये ही पद्धत आधीच रुळलेली होती. तिचाच कित्ता येथे गिरविला गेला. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० ही आवृत्ती कागदावर आली, तीत हेडर होते. १९९७ च्या १.१ मध्ये ‘होस्ट’ हे हेडर सक्तीचे झाले आणि एका मोठ्या अडचणीचा निकाल लागला. एकाच यंत्रावर, एकाच आकडी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. पूर्वीच्या पत्रात कोणत्या स्थळाची मागणी आहे ते सांगण्याची सोयच नव्हती. पुण्यातल्या जुन्या वाड्यात वीस बिऱ्हाडे असावीत आणि पत्रावर नुसता वाड्याचा घरक्रमांक असावा, तशी पोस्टमनची अवस्था! होस्ट हेडर म्हणजे त्या पत्त्यावरचे बिऱ्हाडकरूचे नाव. आज ते गाळले तर १.१ चा सर्व्हर ४०० हा आकडा देऊन पत्र परत करतो.

जाता जाता एक गंमत सांगते. आपल्या प्राध्यापकवर्गाला ती विशेष आवडेल. आपण या पानावर कोठून आलो ते सांगणारे एक हेडर ब्राउझर धाडतो. त्याचे नाव ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दात मध्यभागी आर हे अक्षर जोडीने यावयास हवे. ही कल्पना सुचविणाऱ्या फिलिप हॅलम-बेकर यांच्या हातून त्यातला एक आर गळला, आणि १९९६ च्या दस्तऐवजात तो शब्द तसाच छापला गेला. चूक लक्षात येईतो जगभरच्या कार्यक्रमांत ती मुरली होती. आजतागायत ते हेडर त्याच अशुद्ध रूपात लिहावे लागते. शुद्ध लिहिले तर कोणी ओळखत नाही. पुढे ‘रेफरर-पॉलिसी’ असे दुसरे हेडर आले ते मात्र शुद्ध. सख्ख्या भावांपैकी एकाचे आडनाव ऱ्हस्व आणि दुसऱ्याचे दीर्घ लागावे, तसा हा प्रकार आहे.

असो. आता सरांच्या लेखाकडे वळू. उत्तराच्या हेडरांत सर्वांत महत्त्वाचे ते ‘कंटेंट-टाइप’. आत काय आहे ते हे सांगते. एचटीएमएलचे पान असेल तर असे लिहावयाचे (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत, येथे केवळ उच्चारानुसार देते):

कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८

पूर्वार्धात पदार्थाची जात, आणि ‘चारसेट’ म्हणजे अक्षरे कोणत्या संकेताने आकड्यांत उतरविली आहेत ते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर याची कोष्टके मात्र अनेक आहेत. एका कोष्टकाने लिहिलेले दुसऱ्या कोष्टकाने वाचले की झाला अनर्थ. मोडी माहीत नसलेल्याने मोडीतला कागद नागरी समजून वाचावा, तसे.

युनिकोड या जागतिक कोष्टकात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. ते आकडे साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली बसविली. तीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘मराठी’ हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द. संगणकाच्या हिशेबी त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे. म्हणजे १५ बाइट. आता हेच १५ बाइट कोणी पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकाने वाचले तर? त्या कोष्टकात एक बाइट म्हणजे एक अक्षर, तेव्हा आपल्या तीन अक्षरांच्या जागी १५ चिन्हे उमटतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. युरोपच्या कोष्टकात तो म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला ए. सरांना जागोजाग तोच दिसत होता. दुसऱ्या बाइटाचे दोनच पर्याय. एक म्हणजे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले गोल चिन्ह, आणि दुसरा येन. दीर्घ वेलांटीचे तीन बाइट घेतले तर रेघवाला ए, येन आणि युरो असे त्रिकूट निघते! म्हणजे सरांची तक्रार अक्षरशः खरी होती. बालकवींवरच्या लेखात परकीय चलन शिरले होते, आणि ‘ती’, ‘नी’, ‘मी’ जितके जास्त तितका येनचा आणि युरोचा साठा मोठा.

मी पानाच्या आत, अगदी आरंभी, ‘हे पान यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे व्यवस्थित लिहिले होते. माझ्या संगणकावर पान थेट फाइलमधून उघडे, मध्ये सर्व्हर नसे, म्हणून ती सूचना मानली जाई. सर्व्हरवरून पान निघाले की त्याच्या आधी मायना जाई, आणि त्यात चारसेट म्हणून पश्चिम युरोपचे कोष्टक छापलेले असे. मायना एक सांगतो आणि मजकूर दुसरेच, तर ब्राउझर कोणाचे ऐकतो? मायन्याचे. नियमच तसा आहे. अपॅची या सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर येणाऱ्या नमुना मांडणीत हेच युरोपीय कोष्टक ठोकून दिलेले असे. १९९९ च्या एचटीटीपीच्या नियमांतही, चारसेट लिहिलेला नसेल तर मजकूर त्याच कोष्टकातला समजावा, असे होते. ते कलम २०१४ साली काढून टाकले. ज्यांच्या भाषा त्या कोष्टकात मावत होत्या त्यांनी ते सोयीसाठी लिहिले. त्यात दुष्टावा काही नव्हता. परंतु भुर्दंड पडला तो आपल्यासारख्यांना. आपली जागा ज्या कंपनीकडे भाड्याने आहे तिने ती जुनी ओळ कधी काढलीच नाही.

उपाय एका ओळीचा होता. अपॅचीमध्ये प्रत्येक कप्प्यात ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाची एक छोटी फाइल ठेवता येते (तशी मुभा मुख्य मांडणीत दिलेली असली पाहिजे), आणि त्या कप्प्यापुरते नियम तीत लिहिता येतात. मी लिहिले, ‘ॲड-डिफॉल्ट-चारसेट यूटीएफ-८’. एन्जिनएक्स हा दुसरा लोकप्रिय सर्व्हर. त्यात हेच काम ‘चारसेट यूटीएफ-८’ एवढ्याने होते. पान उघडले, तो मराठी अवतरली होती! त्या आनंदात मी ही फाइल थेट सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली, आणि तेथे फसले. आपल्या संकेतस्थळावर वीसेक वर्षांपूर्वीची काही पाने आहेत. ती युनिकोडची नाहीत. त्या काळी रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे आकार चढविलेले फॉन्ट वापरीत. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट असला तरच मराठी दिसे. ती पाने युरोपच्या कोष्टकावरच उभी होती. मी सगळीकडे यूटीएफ-८ चा अंमल बसविताच त्यांतली कित्येक अक्षरे जाऊन त्या जागी काळे चौकोन आले. शेवटी त्या कप्प्याला स्वतंत्र फाइल देऊन जुने कोष्टक परत द्यावे लागले. कोणतेही हेडर त्या पानांना खरे मराठी करू शकणार नाही. ती पुन्हा टंकित करणे हाच उपाय, आणि ते काम यंदाच्या द्वितीय वर्षाच्या मुलींनी अंगावर घेतले आहे.

सरांना पुन्हा कळविले. त्यांचा पुन्हा फोन. “काही फरक नाही गं. येन तिथंच आहेत.”

येथे दुसरा अध्याय सुरू होतो. ब्राउझर एकदा आणलेले पान आपल्या फडताळात ठेवतो आणि पुन्हा मागितले की तेथूनच काढून देतो. किती दिवस? ते ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरने सांगावयाचे. ‘मॅक्स-एज=३६००’ म्हणजे ३६०० सेकंद, एक तास. आपल्या सर्व्हरने काहीच सांगितले नव्हते. अशा वेळी ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने चालतो. पान शेवटचे बदलल्याला जितका काळ लोटला त्याचा दहावा हिस्सा, हा सर्वसाधारण ठोकताळा. फाइलला हात लावून शंभर दिवस झाले असतील तर दहा दिवस तो विचारावयासही येत नाही. माझी पाने नवीच होती, म्हणून सरांच्या ब्राउझरची मुदत लवकर संपली आणि त्याने सर्व्हरला विचारलेही: ‘माझ्यापाशी अमुक तारखेची प्रत आहे, त्यानंतर काही बदल?’ सर्व्हरने फाइलची तारीख पाहिली. फाइल तीच होती, बदलला होता तो मायना! म्हणून सर्व्हरने ३०४ या आकड्याने उत्तर दिले, म्हणजे ‘बदल नाही, जवळची प्रत वापरावी’. ब्राउझरने जवळची प्रत काढली, आणि तिच्यासोबत जपून ठेवलेला जुना, चुकीचा मायनाही काढला. सगळे नियमाप्रमाणे आणि सगळे चूक. मी प्रत्येक फाइल उघडून पुन्हा साठविली, तारखा बदलल्या, तेव्हा कोठे सरांच्या पडद्यावर बालकवी परतले. हेडर बदलले म्हणजे ते वाचकापर्यंत पोचले असे नव्हे, हा धडा मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या दोन फोनांनी दिला.

या कॅशपायी आणखी एक प्रकरण उघडकीस आले, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आपल्या संगणककक्षात विद्यार्थी आळीपाळीने बसून गुणपत्रिका पाहतात. एक मुलगी पाहून, बाहेर पडण्याची कळ रीतसर दाबून उठली. तिच्या जागी बसलेल्या मुलाने ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले, तो तिचे सारे गुण त्याच्यापुढे. दोन विषय राहिले होते. संध्याकाळपर्यंत ही बातमी कँटीनमध्ये पोचली होती. त्या मुलीने आठवडाभर तोंड दाखविले नाही. पान फडताळात राहिले होते, कारण ‘हे ठेवू नकोस’ असे कोणी सांगितलेच नव्हते. त्यासाठीचा शब्द आहे ‘नो-स्टोअर’. येथे पुष्कळ जण फसतात, कारण ‘नो-कॅश’ असाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘ठेवू नका’ असा मुळीच नाही; त्याचा अर्थ ‘ठेवा, पण दर वेळी विचारल्याशिवाय वापरू नका’. तिसरा शब्द ‘प्रायव्हेट’. त्याचा अर्थ वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरने ठेवावे, वाटेतल्या सामाईक साठ्यांनी ठेवू नये. गुणपत्रिका, फीची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, यांना नो-स्टोअरच हवे. परीक्षा विभागाच्या पानांना ते आता लावले आहे.

वाटेतला साठा चुकला तर केवढा गहजब होतो त्याचे उदाहरण २५ डिसेंबर २०१५ चे. संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानावर त्या दिवशी कृत्रिम मागण्यांचा मारा झाला. तो थोपविण्यासाठी साठ्याचे नियम घाईघाईने बदलले गेले आणि त्यांत चूक राहिली. एकाचे खाते दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू लागले. तास-दीड तास हे चालले. सुमारे ३४ हजार ग्राहकांची खाजगी माहिती अशा रीतीने इतरांना दिसली असावी, असे व्हॉल्व्ह या मालक कंपनीने नंतर जाहीर केले. कोणी कुलूप फोडले नव्हते. वाढप्याने एकाच्या पानातले दुसऱ्याच्या पानात वाढले, इतकेच.

साठ्याशी निगडित असे ‘व्हेरी’ हे एक छोटे हेडर आहे, आणि द्विभाषिक संकेतस्थळांनी ते विसरू नये. ब्राउझर मागणीतच ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या हेडरने वाचकाची भाषेची आवड कळवितो: मराठी पहिली, नसल्यास हिंदी ०.८ पसंतीने, इंग्रजी ०.५ ने. अशी तंतोतंत पसंती शून्य ते एकच्या मापाने मागणाऱ्या वाचकाला आपली बहुतेक संकेतस्थळे इंग्रजीच वाढतात, ही वेगळी गोष्ट. पण ज्यांनी त्याप्रमाणे भाषा बदलण्याची सोय केली आहे त्यांनी ‘व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज’ लिहिलेच पाहिजे. नाहीतर आधी आलेल्या इंग्रजी वाचकाची प्रत साठ्यात बसते आणि पाठोपाठ येणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती तीच पडते.

आता मांडणी करणाऱ्यांसाठी दोन-चार खाचखळगे सांगते. अपॅचीत हेडर लावण्याचे काम ‘मॉड-हेडर्स’ नावाचा जोडभाग करतो. तो चालू नसताना मी ‘हेडर सेट’ ही ओळ लिहिली आणि सारे संकेतस्थळ ५०० दाखवू लागले. पहिली दहा मिनिटे मला घाम फुटला होता. दुसरे, ‘सेट’ आणि ‘ॲड’ यांत फरक आहे. सेट जुने पुसून नवे लिहितो, तर ॲड जुन्याखाली आणखी एक ओळ घालतो, आणि मग एकाच पत्रात परस्परविरोधी दोन मायने जातात.

एन्जिनएक्सची खोड निराळी. त्यात वरच्या पातळीवर लिहिलेली ‘ॲड-हेडर’ची कलमे खालच्या कप्प्यांना वारशाने मिळतात, पण एका अटीवर: खालच्याने स्वतःचे एकही कलम लिहिलेले नसावे. मुलाने वेगळी चूल मांडून एक वाटी विकत घेतली की वडिलोपार्जित भांड्यांवरचा त्याचा हक्क संपला, असा हा कायदा. नेहमी घडते ते असे. एखाद्या कप्प्याला कॅशचे एक हेडर लावावे, आणि सुरक्षिततेची वरची चारही हेडरे तेथून गुपचूप नाहीशी व्हावीत. शिवाय चुकीच्या पानांवर, म्हणजे ४०४, ५०० अशा उत्तरांवर, ती हेडरे जातच नाहीत. जावीत असे वाटत असेल तर ओळीच्या शेवटी ‘ऑल्वेज’ हा शब्द जोडावा लागतो.

मागणीच्या हेडरांतही सर्व्हरला ढवळाढवळ करावी लागते. मोठ्या व्यवस्थेत एक सर्व्हर देवडीवर बसतो आणि पत्रे आत वेगवेगळ्या यंत्रांकडे पाठवितो. आतल्या यंत्राला सगळे देवडीवाल्याकडूनच आल्यासारखे दिसते. म्हणून देवडीवाला ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरात मूळ पाहुण्याचा आकडी पत्ता लिहून देतो. पण पाहुणा स्वतःच तशी चिठ्ठी लिहून आणू शकतो! देवडीवाल्याने ती न फाडता आपली ओळ खाली जोडली आणि आतल्याने वरची ओळ खरी मानली, तर भामट्याला ग्रंथपालांच्या पत्त्याने आत येता येते. पहिल्या दाराशी जुनी चिठ्ठी पुसून नवी लिहिणे हाच मार्ग.

सुरक्षिततेच्या हेडरांवर स्वतंत्र लेख होईल; त्यातले एकच सांगते. ‘स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी’ हे २०१२ साली प्रमाणित झालेले हेडर म्हणजे भीष्मप्रतिज्ञा. अमुक काळ माझ्याकडे कुलूपबंद मार्गानेच यावे, असे सर्व्हर एकदा सांगतो आणि ब्राउझर ते मनावर घेतो. लोक उत्साहाने ‘मॅक्स-एज=३१५३६०००’ म्हणजे पुरे एक वर्ष लिहितात. पुढे कुलपाचा दाखला नूतनीकरणावाचून संपला की वाचक बाहेर ताटकळत उभा, आणि ब्राउझर त्याला ‘तरीही जाऊ द्या’ असे म्हणण्याची सोयसुद्धा ठेवीत नाही. पहिल्यांदा ३०० सेकंद लिहावे, आठवडाभर पाहावे, मग वाढवावे.

भाषेच्या विद्यार्थ्याला बोचणारी एक गोष्ट राहिली. हेडर सगळ्या लिप्यांची ओळख करून देतात, पण स्वतः मात्र रोमनच. त्यांत देवनागरी सरळ लिहिता येत नाही. अंकाची पीडीएफ उतरवून घेताना तिला मराठी नाव मिळावे म्हणून मी ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडराशी बरीच झुंजले. २०११ च्या नियमानुसार त्यात फाइलनावाची तारांकित अशी एक वेगळी रीत आहे. प्रत्येक बाइटाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन रोमन अक्षरांकांची जोडी लिहावयाची. ‘मराठी’चे १५ बाइट, म्हणजे ४५ चिन्हे. तेवढी लिहिली की पलीकडे फाइल ‘मराठी’ या नावानेच उतरते. वेठबिगार आहे, पण काम होते.

सगळीच हेडरे मात्र कामाची नसतात. टेरी प्रॅचेट या इंग्रजी विनोदी कादंबरीकाराचे मार्च २०१५ मध्ये निधन झाले. त्यांच्या ‘गोइंग पोस्टल’ या कादंबरीत मृत सहकाऱ्याचे नाव संदेशवाहक मनोऱ्यांवरून सतत फिरते ठेवण्याची एक प्रथा आहे. ती धरून त्यांच्या वाचकांनी आपापल्या सर्व्हरवर ‘एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड’ असे एक हेडर लावले. त्याचे मूल्य म्हणून लेखकाचे नाव. त्याने काही होत नाही. पान दिसते तसेच दिसते. प्रत्येक उत्तराबरोबर ते नाव मात्र तारांवरून एक फेरी मारून येते.

ज्यांना हे सारे स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी संगणकावर कोणतेही पान उघडून एफ-१२ ही कळ दाबावी, ‘नेटवर्क’ हा कप्पा निवडावा आणि पान पुन्हा आणावे. पहिल्या ओळीवर टिचकी मारली की दोन्ही बाजूंचा मायना समोर येतो. आपल्या अंकांच्या पानांवर आता कंटेंट-टाइप यूटीएफ-८ आहे. जुन्या अंकांच्या चित्रांना एक वर्षाची मुदत दिली आहे, कारण ती बदलणार नाहीत. मजकुराला मात्र एकच तास दिला आहे. १९७८ च्या अंकातल्या माझ्या टंकलेखनाच्या चुका सर अजून कळवीत आहेत. काल आलेल्या यादीत सतरा होत्या.